डीव्हीडीची घरगुती प्रत: कायदा काय म्हणतो, काम कसे करावे

प्रश्न: विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवल्या तर गुन्हा होतो का?

उत्तर: स्वतःच्या डिस्कची, स्वतःपुरती प्रत असेल तर तुमची बाजू चांगली आहे; अगदी निर्धोक नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मधली खासगी वापराची सवलत 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटांनाही मिळाली. ‘बॅकअप’चा उल्लेख मात्र फक्त संगणक प्रोग्रॅमसाठी आहे. त्याच दुरुस्तीत कलम 65अ आले: हक्कभंगाच्या इराद्याने डिस्कचे संरक्षण (प्रत काढू न देणारे डिजिटल कुलूप) तोडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे सगळी मदार इराद्यावर. प्रत घरातच ठेवा, मूळ डिस्क विकू नका. मित्राला पेनड्राइव्हवर दिलीत की ‘खासगी वापर’ म्हणायची सोय उरत नाही. दुकानातूनही हे काम करून घेऊ नका. दुसऱ्याला संरक्षण तोडायला मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवायची असते. अशी वही ठेवणारा दुकानदार विरळाच!

प्रश्न: डीव्हीडीवरचा व्हिडिओ_टीएस (चित्रपटाच्या फाइलींचा) फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला, पण चित्राऐवजी रंगीत चौकोन दिसतात.

उत्तर: डिस्कवर सीएसएस हे संरक्षण आहे. ते उघडणाऱ्या किल्ल्या (सांकेतिक आकडे) साध्या फाइल-कॉपीत येत नाहीत. डिस्कची किल्ली तर आतल्या कडेच्या लीड-इन भागात असते. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर ड्राइव्हकडून किल्ली घेऊन चित्रपट एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये काढते. पुन्हा कॉम्प्रेशन होत नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि फाइल साधारण 4 ते 7 जीबीची होते. 120 सेकंदांपेक्षा छोटे तुकडे ते मुळात वगळते. हवे असतील तर सेटिंग कमी करा.

जागा वाचवायची असेल तर ती फाइल हँडब्रेक या व्हिडिओ छोटे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या: एच.264 (कॉम्प्रेशनची पद्धत), आरएफ (दर्जाचा आकडा) 18 ते 20, हलणाऱ्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर त्या काढणारा डीकोम्ब फिल्टर चालू. डीव्हीडीचे 576 ओळींचे चित्र 1080 ओळींचे करण्यात फक्त जागा जाते. सबटायटल्स बंद-चालू करता यायला हवीत तर एमकेव्हीच ठेवा. डीव्हीडीची सबटायटल्स ही चित्रे असतात आणि एमपी4 फाइलमध्ये ती प्रत्येक प्लेअर दाखवेलच असे नाही.

प्रश्न: 2008 च्या लग्नाची डीव्हीडी मध्येच अडकते.

उत्तर: या डिस्कची प्रत सगळ्यांत आधी काढा. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन-उष्णतेने खराब होतो. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये तो थरच नसतो. मऊ कापडाने केंद्रापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. चिकटवलेले लेबल सोलू नका. मग डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमने 2048 बाइटच्या ब्लॉकने इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) काढा: पहिल्या फेरीत खराब भाग सोडून द्या, नंतर तेवढेच पुन्हा वाचा. मॅपफाइल (कोणता भाग वाचून झाला याची नोंद) जपून ठेवली तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेले भाग तिथून वाचता येतात, आणि पुष्कळदा तो दुसरा ड्राइव्ह ते वाचतो.

हक्काचे म्हणाल तर, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणाराच (कलम 17). पार्श्वभूमीला वाजणारी गाणी मात्र तुमची नव्हेत.

प्रश्न: चित्रपटाची प्रत कोऱ्या डीव्हीडीवर बसेल का?

उत्तर: बहुतेक चित्रपट 8.5 जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कवर असतात, साधी कोरी डिस्क 4.7 जीबीची, म्हणून बहुधा बसत नाही. त्यापेक्षा दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. हाच नियम लागू होतो का?

उत्तर: नाही. अमेरिकेत 1998 च्या डीएमसीए कायद्याने संरक्षण तोडणेच निषिद्ध आहे आणि घरगुती बॅकअपला त्यातून सूट नाही. लग्नाच्या डिस्कवर सीएसएस नसते, ती तिथेही बिनधास्त उतरवा.