मूत्रमार्गाला पिशवी झाली आहे, कोणतं ऑपरेशन करून घ्यावं?

ताई, तुम्हाला एमआरआयमध्ये डायव्हर्टिक्युलम (म्हणजे मूत्रमार्गाला झालेली पिशवी) निघालाय आणि ऑपरेशनचे कोणते पर्याय आहेत, असं तुम्ही विचारलंय. माझं हे ऑपरेशन नाशिकलाच झालं, म्हणून लिहितेय.

त्याआधी दोन वर्षं 'इन्फेक्शन' म्हणून नुसते अँटिबायोटिकचे कोर्स चालले होते. लघवी करून उठलं की चार पावलांवर पुन्हा थेंब गळायचे. मी सिडकोतल्या एका शाळेत शिकवते. फळ्यावर लिहायला मुलांकडे पाठ करायची वेळ आली की साडी ओली दिसेल का, या विचाराने धस्स व्हायचं. शेवटी एमआरआयची फिल्म डॉक्टरांनी उजेडाकडे धरली, तेव्हा घोड्याच्या नालेसारखी मूत्रमार्गाला वेढून बसलेली पांढरी पिशवी दिसली.

पिशवी लहान असेल आणि त्रास नसेल, तर काही जणी नुसत्या तपासणीवर राहतात. पिशवी अगदी बाहेरच्या तोंडाशी असेल, तर ती योनीत उघडून देतात. आत खोलवर असेल तर हे करू नये, कारण लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. बाकी बहुतेकींसाठी योनीमार्गे पूर्ण पिशवी काढणं हाच खरा इलाज. यात मूत्रमार्गाकडचं तोंड शोधून बंद करतात, मग एकावर एक थर शिवतात, तेही टाक्यांच्या रेषा एकमेकींवर येऊ न देता. रेषांवर रेषा आली, तर मूत्रमार्ग आणि योनी यांच्यात भोक राहून लघवी गळत राहण्याची भीती असते. ऊती पातळ असतील किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा असेल, तर योनीच्या बाजूच्या ओठातली चरबी सरकवून मध्ये भरतात. खोकताना लघवी सुटत असेल, तर आपल्याच पोटाच्या स्नायूंवरच्या पडद्याची पट्टी मूत्रमार्गाला आधार म्हणून त्याच वेळी घालता येते. कृत्रिम जाळी मात्र इथे टाळतात.

नुसती सुई घालून पाणी काढलं की पिशवी पुन्हा भरते. साधी गाठ समजून कुणी चिरा द्यायला निघालं, तर थांबवा.

मला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, दोन आठवडे होता. लघवी जमा होण्याची पिशवी पलंगाच्या कडेला, कंबरेच्या खाली लटकवलेली, आणि नळीला पीळ पडला नाही ना हे सासूबाई रात्री उठून बघायच्या. नळी आपणहून ओढू नका. काढण्याआधी रंगद्रव्य घालून एक्स-रे काढतात का, ते विचारून घ्या.

आणि काढलेली पिशवी बायोप्सीला पाठवायला सांगा. कॅन्सर क्वचितच निघतो, पण निघू शकतो. सर्जनना स्पष्ट विचारा, अशी किती ऑपरेशनं केलीत. मी विचारलं होतं, त्यांना राग आला नाही.