आधी सोन्याचे कण जमव

नॅनोकणांवर (डोळ्याला न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर) काम करायचंय ना? मग एकदम कॅन्सरच्या औषधावर उडी नको मारू बाप्पा, आधी सोन्याचे नॅनोकण बनवणं जमव. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक त्यांचीच असते. भांडी आम्लराजाने, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या जहाल मिश्रणाने धू (फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, आणि सर समोर असताना), मग डिस्टिल्ड वॉटरने खंगाळ. बोअरचं पाणी चालत नाही, क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटतात. उकळत्या गोल्ड क्लोराइडमध्ये सायट्रेट टाकलं की पिवळा रंग उडतो, काळपट निळी झाक येते, शेवटी वाइनसारखा लाल. लाल येऊन पुन्हा निळं झालं तर गठ्ठे झाले समज. नागपूरच्या मे महिन्यात बाटली फ्रिजमध्येच ठेव, फ्रीझरमध्ये मात्र नाही. गोठलं की संपलं.

औषधांकडे वळशील तेव्हा १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिल या कॅन्सरच्या औषधापासून वाच. लिपिडच्या इवल्या पिशवीत औषध भरल्यावर हृदयाचा त्रास घटला, पण तळहात-तळपाय सोलवटायला लागले.