टाकी भरली की मोटर बंद करायची आहे. एटीटायनी८५ (छोटी मायक्रोकंट्रोलर चिप) पुरेल की ईएसपी३२ (वायफाय असलेली चिप) घेऊ?

एटीटायनी८५ पुरेल, मोबाइलवर काही बघायचं नसेल तर ईएसपी३२ ची गरजच नाही. वरच्या-खालच्या पातळीच्या दोन सळ्या, एक रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच), एक बझर, म्हणजे चार पिना झाल्या. या चिपला रीसेट सोडून पाच मिळतात. ८ केबी फ्लॅशही (प्रोग्राम साठवायची मेमरी) अशा प्रोग्रामला भरपूर. शिवाय ती थेट ५ व्होल्टवर चालते. ईएसपी३२ ला ३.३ व्होल्ट लागतात, आणि वायफाय सुरू झालं की क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो, त्यामुळे सप्लायही दणकट हवा.

मात्र नव्या चिपमध्ये ब्राउन-आउट डिटेक्शन, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं की चिप रीसेट करणारी सोय, बंद असतं (डेटाशीटमध्ये फ्यूजचा, म्हणजे चिपच्या सेटिंग्जचा, तक्ता बघा). मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसलं की प्रोग्राम भरकटू शकतो आणि रिले चालूच राहू शकतो. ते डिटेक्शन २.७ व्होल्टला लावा, वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा. रिले ट्रान्झिस्टरमार्फतच, कॉइलवर उलटा डायोड टाकून. आणि सळ्यांना सतत डीसी देऊ नका, गंजून जातात, वाचण्यापुरताच द्या.

पुढे फोनवर सूचना हवी असण्याची शक्यता असेल, तर मात्र आत्ताच ईएसपी३२ घ्या. एटीटायनीला नंतर वायफाय मॉड्यूल चिकटवत बसण्यात अर्थ नाही.