सासूबाईंची मशेरी कशी सुटेल?

तुम्ही लिहिलंय की गुहागरकडच्या गावी राहणाऱ्या तुमच्या सासूबाई साठीच्या आहेत, दिवसातून चार-पाचदा मशेरी लावतात, दातांच्या डॉक्टरांनी सांगून झालं, डोंबिवलीहून तुम्ही कॅन्सरचे फोटोही पाठवलेत, पण डबी काही सुटत नाही. माझा दातांचा दवाखाना दापोली तालुक्यात आहे, त्यामुळे ही डबी माझ्या चांगल्या ओळखीची.

आधी ते फोटो थांबवा. १९५३ साली अमेरिकेत अर्विंग जॅनिस आणि सेमूर फेशबाख यांनी शाळेतल्या मुलांना दातांच्या निगेवर व्याख्यानं ऐकवली. एका गटाला सडक्या हिरड्या वगैरे दाखवून भरपूर घाबरवलं, एका गटाला जेमतेम. आठवड्यानंतर विचारलं, तर कमी घाबरवलेल्या गटात सल्ला पाळण्यात ३६ टक्क्यांचा फरक पडला होता, सर्वांत घाबरलेल्या गटात फक्त ८ टक्क्यांचा. पुढच्या अभ्यासांतून असंही दिसलं की भीतीच्या जोडीला ‘हे मला जमेल’ असा रस्ता दाखवला तर भीती कामाला येते. तुमच्या फोटोंत रस्ता नाही. फोन बाजूला ठेवला की झालं.

माहितीचंही तसंच. दातांच्या आरोग्यशिक्षणावरचे बरेच अभ्यास तपासून एलिझाबेथ के आणि डेव्हिड लॉकर यांनी १९९८ साली मांडलं की अशा शिक्षणाने लोकांचं ज्ञान वाढतं, वागणं मात्र फार काळ बदललेलं राहत नाही. सासूबाई सुनेसमोर डबी पदराआड करत असतील, तर मशेरी वाईट हे त्यांना तुम्ही सांगायची गरज उरलेली नाही.

मग विचारायचं काय? मशेरीने त्यांना बरं काय वाटतं, ते. माझ्याकडे येणाऱ्या बायका साधारण तीन गोष्टी सांगतात: सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात ठणकायचे थांबतात, आणि कामातून दोन मिनिटं पायरीवर टेकायला मिळतं. यातलं एकही खोटं नाही. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने निकोटीन संपत नाही, ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं आणि आतड्यांनाही चाळवतं. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं ते खरंच होतं. १९९२ साली सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कुठला कायदा लागू करणार?

सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ साली वागणूक बदलण्याची जी चौकट मांडली ती इथे उपयोगी पडते. माणसाला जमलं पाहिजे, भोवतालच्या परिस्थितीत वाव मिळाला पाहिजे आणि मनातून वाटलं पाहिजे. आपण सगळे तिसऱ्यावरच ठोकत बसतो. सासूबाईंच्या बाबतीत पहिली दोन बघा. ठणकणारा दात आधी डॉक्टरांकडून बरा करून घ्या, नाहीतर मशेरी हेच औषध राहणार. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. घरात तंबाखू भाजणं बंद होईल का, हे शेजारणी-जावांशी बोलून पाहा. एकीच्या तव्यावर चौघींची मशेरी भाजली जाते.

दात घासणं आणि तलफ ही दोन कामं मशेरीने एकत्र बांधलीत, ती सोडवा. सकाळी चूल किंवा गॅस पेटवायच्या आधी मऊ दात्यांचा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. पाचही वेळा एकदम बंद करायला सांगू नका. ‘दुपारी भांडी झाली की मशेरीऐवजी बडीशेप’ असं वेळेला आणि कामाला बांधलेलं एकच ठरवा, आणि ते सासूबाईंनीच ठरवू दे. ठरवणं, आखणं आणि स्वतः नोंद ठेवणं या तिन्हींमुळे तोंडाची स्वच्छता सुधारते, असं न्यूटन आणि असिमाकोपुलू या संशोधकांच्या २०१५ च्या आढाव्यातही आहे. नोंदीला कालनिर्णयवरची फुली पुरे. फोनवर ‘आज लावलीत का?’ विचारण्यापेक्षा ‘फुल्या किती झाल्या?’ विचारा. पहिलं विचारलंत तर खोटं उत्तर मिळेल, माझी खात्री आहे.

किती दिवस लागतील? लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. तो अभ्यास नवी सवय लावण्याचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हे. चिडचिड, बेचैनी पहिल्या आठवड्यात जास्त असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तेवढ्यात शिमगा किंवा घरात लग्न येत असेल तर तारीख पुढे ढकला.

निकोटीनचा च्युइंगम मिळतो, पण दात हलत असतील किंवा कवळी असेल तर तो चावायचा कसा? तेव्हा अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइनही आहे.

आणि गणपतीला जाल तेव्हा दिवसाउजेडी तोंडात बघा, विशेषतः मशेरी लावतात ती बाजू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर मशेरी सुटायची वाट न पाहता रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात दाखवून या.