संभाजीनगरला राहून आल्प्समधल्या एस-२ पाऊलवाटेची तयारी कशी करावी? हार्डटेल सायकल चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वजन ७० किलो आहे, सायकल १२० मिमी फोर्कची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) आहे, म्हैसमाळचा घाट न थांबता चढता आणि ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडला जाणार आहात. हार्डटेल चालेल. चढाची काळजी सोडा. मराठवाड्यात जे मिळत नाही ते म्हणजे लांब उतार, आणि तयारी त्याचीच करायची आहे.

आधी दर्जा समजून घ्या. पाऊलवाट सायकलने उतरायला किती अवघड आहे ते सांगणारी ही मोजपट्टी एस-० पासून एस-५ पर्यंत असते. एस-२ म्हणजे सुटे दगड, मोठी मुळं, पायऱ्या, वळणं आणि जागोजागी ७० टक्क्यांपर्यंत उतार, म्हणजे १० मीटर पुढे गेलात की ७ मीटर खाली. हार्डटेलवर पहिल्या खेपेला एस-३ च्या वाटेला जाऊच नका. स्वित्झर्लंडमध्ये वाटेवरच्या दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसेल. तो चालणाऱ्यांसाठीचा डोंगरवाटेचा दर्जा आहे, सायकलचा नाही. बरेच जण इथेच फसतात.

आता ब्रेक. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर १,००० मीटर उतरताना सुमारे ८ लाख ३० हजार ज्यूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात अडीच लिटर गार पाण्याला उकळी येईल. अरुंद, हळू वाटेवर यातली बरीचशी उष्णता डिस्क आणि पॅडमध्येच जाते. आपल्याकडच्या १०० मीटरच्या टेकडीवर हाच हिशेब पाव लिटरचा, म्हणून इथे कमजोर ब्रेक उघडा पडत नाही. पुढे २०० किंवा २०३ मिमीची डिस्क घ्या, मागे १८० पुरे. फोर्कला किती मोठी डिस्क चालते ते आधी तपासा. पॅड धातूचे बसवा, पण डिस्कवर फक्त रेझिन पॅडची सूचना छापलेली असेल तर डिस्कही बदलावी लागेल. नवे पॅड बसवले की सपाट रस्त्यावर ताशी २० किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, वीसेक वेळा ब्रेक लावा. हे टाळलं तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि किंचाळतात.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. दोन-तीन सेकंद नीट दाबा, मग सोडा. पायरीच्या कडेवरून चाक उतरताना पुढचा ब्रेक मोकळा हवा, नाहीतर माणूस हँडलवरून पुढे जातो. लिव्हर मुठीला टेकायला लागला तर दहा मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

टायर २.३५ इंची, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला). तुमच्या वजनाला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर ३० च्या आसपास, नाहीतर दगडाच्या धारेवर रिमखाली चिमटून फाटते. दरीत ६०० मीटरवर २५ अंशांत भरलेली हवा २,५०० मीटरवर ८ अंशांत नेली, तर उंचीमुळे जवळपास ३ पीएसआय वाढतात आणि गारठ्याने २ उतरतात. सकाळी फरक जाणवत नाही. ऊन चढलं की टायर टणक होऊन मुळांवरून उडू लागतो. हवेच्या दाबाचं मापक खिशात ठेवा. इकडे सरावात बाभळीचे काटे आणि उन्हाळा दोन्ही आहेत, तेव्हा २९ इंची टायरला १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला आणि दीड-दोन महिन्यांनी तपासा, सुकतंच. घुसलेला काटा वाटेत उपटू नका.

सराव गोगाबाबा टेकडीसारख्या जागी, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत. एकाच उतारावर सहा ते आठ फेऱ्या, सीट खाली करून, उभ्याने, टाचा दाबून. भार पायांवर, हात हलके. फ्लॅट पेडलच (बूट न अडकणारं, सपाट) वापरा. कडक जमिनीवरचा सुटा मुरूम छर्र्यांसारखा घसरतो, त्यामुळे पुढचं चाक सांभाळायची सवय इथे उत्तम होते. ओल्या मुळांचा सराव मात्र इथे नाही. आल्प्समध्ये मुळं आडवी, शक्य तितकी काटकोनात ओलांडा आणि त्यांच्यावर ब्रेक लावू नका. पावसात काळ्या रानात शिरू नका, चाकं जाम होऊन गिअरचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तुटतो. गौताळा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको.

अरुंद वळणांसाठी मैदानात फक्कीने चार मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. दोन्ही बाजूंनी जमलं की तीन मीटर, मग तेच हलक्या उतारावर. वळणात बाहेरून शिरायचं, वेग आधीच मारायचा आणि मान वळवून बाहेर पडायच्या वाटेकडे बघायचं. नजर दरीकडे गेली की चाकही तिकडेच जातं.

तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघा. चालणाऱ्यांना आधी वाट द्या, गुरांची फाटकं मागे लावून घ्या. हेलिकॉप्टर बचावसेवा रेगाचा नंबर १४१४ आहे. बचावाचा खर्च धरणारा विमा आधी काढा.

विमानासाठी चाकं काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. आणि डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, इथूनच दोन घ्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, भारतीय ब्रँडचा तिथल्या दुकानात मिळेल याचा भरवसा नाही.