शाहूपुरीतल्या कमर्शियल बिल्डिंगसाठी ग्रीन कन्सल्टंट नेमावा का?

इमारतीचा वीजवापर कमी कसा करायचा ते सांगणारा हा माणूस नेमा, पण त्याआधी वर्षभराची विजेची बिलं पुढ्यात घेऊन बसा. खाली दुकानं, वर दवाखाने-ऑफिसं अशी तुमची चार मजली इमारत आहे आणि एकानं 'ग्रीन सर्टिफिकेट'चं कोटेशन दिलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात अशाच इमारतींची देखभाल बघतो, त्यावरून सांगतो.

पहिल्यांदा बघा, बिल कोण भरतं? आपल्याकडं बहुतेक ठिकाणी प्रत्येक गाळ्याला महावितरणचं वेगळं मीटर असतं. मालकाच्या वाट्याला कॉमन मीटर, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. एसीचा सगळा भार भाडेकरूंवर. अशा ठिकाणी पैसे तुम्ही घालणार आणि बचत वरच्या डॉक्टरांच्या बिलात दिसणार. त्यात वाईट काही नाही, पण खर्च आणि फायदा कसा वाटायचा हे भाडेकरारात आधी लिहून घ्या. छतावरच्या सोलरलाही हेच लागू. कोणत्या कनेक्शनला जोडायचं ते ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. माझ्या मते निम्मे प्रस्ताव इथंच अडतात, आणि कन्सल्टंट हा विषय स्वतःहून काढत नाहीत.

सेंट्रल एसी आणि सगळ्या इमारतीला एकच मोठं कनेक्शन असेल तर मात्र चांगला माणूस फी वसूल करून देतो. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणकडं मंजूर करून घेतलेला जास्तीत जास्त भार) गरजेपेक्षा जास्त आहे का, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामी येते त्याचं प्रमाण) घसरलाय का, तो सुधारणारा जुना कॅपॅसिटर पॅनेल निकामी झालाय का, हे बिलावरून आणि मीटर लावून कळतं. एसी 20 वरून 24 अंशांवर आणायला तर काहीच खरेदी लागत नाही. बीईईच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानं दर अंशामागं सुमारे 6 टक्के वीज वाचते.

माणूस निवडताना बीईईची परीक्षा पास झालेला एनर्जी ऑडिटर आहे का ते विचारा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यांत) काम केलेले अनुभवी लोक इथं आहेत, पण भट्टीचा अनुभव वेगळा आणि इमारतीचा वेगळा. त्यानं केलेल्या एखाद्या इमारतीची आधीची आणि नंतरची बिलं मागा. आयजीबीसी किंवा 'गृहा' (GRIHA) या ग्रीन बिल्डिंग रेटिंगचं सर्टिफिकेट एखादा मोठा भाडेकरू मागत असेल तरच घ्या. नुसत्या पाटीसाठी नको.

आणि शाहूपुरी म्हटल्यावर पुराचं बोलायलाच हवं. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते आपण बघितलंय. तळघरात मीटर, पंपाचा पॅनेल किंवा जनरेटर असेल तर तो वर घेणं हे माझ्या यादीत सोलरच्याही आधी येतं. कन्सल्टंटच्या अहवालात हा मुद्दा नसेल तर त्यानं जागा नीट बघितलेली नाही असं समजा.

फी दोन भागांत ठरवा. मोजणी आणि अहवालाचे पैसे वेगळे, आणि उरलेले कामानंतर मीटरवर फरक दिसल्यावर. पंखे, एसी, सोलर विकणाऱ्याकडूनच फुकट ऑडिट करून घेऊ नका.