प्रलय, कल्पांत की कयामत?

प्रश्न असा आलाय की बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या २०२४ च्या पुरावर लिहिताना प्रलय म्हणू की कल्पांत, आणि सगळ्या धर्मांना जग संपवायची एवढी हौस का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून आधी शब्द बघू.

प्रलयात ‘ली’ धातू आहे, विरघळणं, मिसळून जाणं. लय, विलय त्यातलेच, आणि भजनात माणूस तल्लीन होतो ना, तोही त्यातलाच! म्हणजे पाण्यात मीठ विरघळतं तसं जग विरघळतं, फुटतबिटत नाही. कल्पांतात ‘अंत’ आहे खरा पण तो कल्पाचा, ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं, तो संपला की देव झोपणार आणि उठला की परत सगळं चालू. यात कोर्टकचेरी नाही, चांगला वाईट सगळे एकदम विरघळतात, कारण कर्माचं खातं आपल्याकडे जन्मोजन्मी चालूच असतं, त्यासाठी वेगळा दिवस लागत नाही.

कयामतचं तसं नाही. अरबीत त्याचा मूळ अर्थ उठून उभं राहणं, आपले कायम आणि मुक्काम त्याच घरातले (मला कळलं तेव्हा मजा वाटली होती). मेलेले उठणार, हिशेब होणार. कुराणात त्याला हिशेबाचा दिवसच म्हटलंय, आणि आपला हिशेब तोच शब्द. ख्रिस्ती लोकांचं अपोकॅलिप्स तर ग्रीकमध्ये नुसतं झाकण काढणं, पडदा उघडणं, संहार हा अर्थ मागून चिकटला. मला वाटतं हौस संपवायची नाहीच. इथे लबाड माणूस मजेत मरतो आणि सरळ माणूस भोगतो, हा हिशेब कुठेतरी जुळायला पाहिजे ना, ज्या धर्मात जन्म एकच मिळतो तिथे तो शेवटच्या दिवसावर जातो.

आता कल्पांत. आपण मराठीत ‘कल्पांतीही होणार नाही’ म्हणतो तेवढंच, पण गुजरातीत कल्पांत म्हणजे धाय मोकलून रडणं. लहानपणी बडोद्याच्या दांडिया बाजारात शेजारच्या काकी म्हणाल्या, “बा कल्पांत करे छे,” मी घाबरून घरी पळालो, आजीला विचारलं आज जग बुडणार का. तिला आधी कळेचना, मग खूप हसली, मग लगेच पदर सारखा करून तिकडे गेली, त्यांच्याकडे कोणीतरी वारलं होतं.

जगबुडी मात्र अस्सल घरगुती, आणि वापर बहुतेक दटावायलाच, “थांब की जरा, काय जगबुडी येतेय का!” कोकणातल्या खेडजवळच्या नदीचं नावही जगबुडीच आहे.

तेव्हा तुमच्या लेखात महापूर बरा, फार तर प्रलय. कल्पांत नको, गुजराती शेजाऱ्यांनी वाचलं तर विचारतील, कोण गेलं?